पाय आधी सांगतो: गाडीच्या ब्रेकची दुखणी ओळखणं आणि काम नीट करून घेणं

मे महिना, भर दुपार. हेळवाक सोडून आम्ही कुंभार्ली घाट उतरायला लागलो होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत लग्नाचं सामान. पुढे एक भरलेला ट्रक रांगत होता, त्यामुळे माझा पाय सारखा ब्रेकवर. अर्धा घाट उतरल्यावर पेडल मऊ लागायला लागलं. आधी वाटलं, चप्पल सरकली असेल. पुढच्या वळणावर ते आणखी खाली गेलं आणि त्याच्या पुढच्या वळणावर जवळजवळ मॅटला टेकलं. मागून वडील म्हणाले, "काहीतरी जळतंय रे." दुसरा गिअर टाकला, मग पहिला, आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूला एका मोकळ्या जागेत नेऊन उभी केली. पाऊण तासानं पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक झालेलं होतं.

खरी भीती या शेवटच्या गोष्टीची आहे. थंड झाली की गाडी शहाण्यासारखी वागते, आपण घरी पोचतो आणि विषय मागे पडतो. चिपळूणला मिस्त्रींनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं आणि काही न बोलता माझ्याकडे नुसतं बघितलं. आतलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट होतं. गाडी सहा वर्षांची. जिथं सर्व्हिस करत होतो तिथल्या दर वर्षीच्या बिलात 'ब्रेक सर्व्हिस' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे रक्कमही. त्या ओळीचा अर्थ चाकं काढायची आणि हवा मारून धूळ उडवायची, एवढाच निघाला. ऑइल कुणी बदललं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आत नेमकं काय होतं

ब्रेक दाबला की गाडीचा वेग नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. एक हिशोब करून बघा. माणसं आणि सामान धरून १३०० किलोची गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरली, तर तिच्याजवळची जितकी ऊर्जा कुठेतरी खपावी लागते, तितक्यात साधारण वीस लिटर पाणी, म्हणजे कार्यक्रमात ठेवतात तो पाण्याचा एक अख्खा जार, उकळी फुटेपर्यंत तापेल. यातला काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेला एकतर इंजिननं पेलायचा, नाहीतर ताटलीएवढ्या चार-दोन लोखंडी चकत्यांनी. सपाट रस्त्यावर हेच काम वेग करतो, आणि तिथे दुप्पट वेग म्हणजे चौपट उष्णता. ८० वरून थांबताना ब्रेकला ४० वरून थांबण्याच्या चौपट काम पडतं.

आपला पाय पेडल दाबतो, त्या जोराला बूस्टर मदत करतो, मास्टर सिलिंडर तो जोर ऑइलला देतो आणि ऑइल तो नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत नेतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. डिस्कवर पॅड दोन्ही बाजूंनी चिमटा काढतात; त्यांना धरून ठेवणारा आणि आतल्या पिस्टननं दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. ड्रममध्ये शू, ज्यांना आपल्या गॅरेजात लायनर म्हणतात, आतून बाहेर फाकतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ऑइलचे दोन वेगळे रस्ते तिरपे वाटलेले असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका रस्त्यावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक नळी फुटली तरी निम्मा ब्रेक राहावा म्हणून ही सोय. तेव्हा 'ब्रेक फेल' म्हणजे क्षणात सगळंच संपलं, असं सहसा होत नाही. आधी बरेच दिवस काहीतरी चुकत आलेलं असतं.

ब्रेक ऑइल हे खरं तर ऑइल नाहीच, ग्लायकॉल जातीचा द्रव आहे, आणि तो हवेतली ओल शोषतो. मिठाच्या बरणीसारखंच, पावसाळ्यात कोकणात राहणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. त्याच्या डब्यावर डॉट ३, डॉट ४ अशी प्रत लिहिलेली असते. नवं कोरं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० पर्यंत. ओल शोषलेल्या द्रवासाठी हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाटात कॅलिपर तापला, आतला द्रव उकळला, वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी पुढे जात राहते. माझ्या बाबतीत हेच झालं होतं.

याचं एक सावत्र भावंड आहे आणि दोघांत गल्लत होते. पेडल कडकच आहे, पाय पूर्ण जोर लावतोय, तरी गाडी थांबत नाही, अशा वेळी ऑइल उकळलेलं नसतं. पॅड इतके तापलेले असतात की त्यांची पकडच सुटलेली असते. पेडल मऊ की कडक, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवून मिस्त्रींना सांगितली तरी त्यांचं अर्धं काम होतं.

दर दोन महिन्यांनी, अंगणातली पंधरा मिनिटं

यासाठी हत्यारं लागत नाहीत. मोबाइलचा टॉर्च पुरतो.

पहिल्यांदा बॉनेट. ड्रायव्हरच्या समोर, मागच्या भिंतीला लागून एक दुधी रंगाची छोटी डबी असते. पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवी. पॅड झिजतात तशी ती हळूहळू उतरते, तेवढं ठीक. पण महिन्याभरात दिसण्याइतकी उतरली तर कुठेतरी गळतंय. अशा वेळी वरून ऑइल ओतून पातळी बरोबर केली की दिवा विझतो आणि दुखणं झाकलं जातं. रंग फिकट पिवळसर, पातळ मधासारखा असावा. काळपट असेल तर बदला. उलट रंग चांगला दिसतो म्हणजे पाणी नाही असं मात्र समजू नका, कारण ओल डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बदलायचं ते तारखेनं. साधारण दोन वर्षं हा बऱ्याच कंपन्यांचा नियम आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. झाकण उगाच उघडं ठेवू नका, आणि थेंब बॉडीवर सांडला तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलला जातो.

मग पेडल. इंजिन बंद असताना चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. आता दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली सरकायला हवं. सरकलं तर बूस्टर काम करतोय. तसंच मध्यम जोरानं अर्धा मिनिट धरून ठेवा. पाय न हलवता पेडल सावकाश बुडत चाललं, आणि बाहेर कुठे गळतीही दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेलेत अशी दाट शंका घ्यायची. ही परीक्षा उभ्या गाडीवर होते आणि तरी ती करणारे फार थोडे.

तिसरं, चाकं. अलॉय असतील तर बाहेरूनच डिस्क दिसते. नव्या पॅडच्या मसाल्याची जाडी बहुतेक गाड्यांत १० मिलिमीटरच्या आसपास असते. ३ वर आली की बदलायची वेळ झाली. दोन एकरुपयाची नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढी जाडी. पण बाहेरचा पॅड दिसतो, आतला दिसत नाही, आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या असतील तर बहुधा आतलाच आधी संपतो. म्हणून टॉर्चनं बघितलं यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. डिस्कच्या कडेला बोट लागेल अशी उंच कड उभी राहिली असेल किंवा तबकडीवर असाव्यात तशा खोल रेघा असतील, तर तिची जाडी मोजायला हवी.

चारी टायरच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. मागच्या चाकाच्या आत ओलसर, तेलकट डाग म्हणजे बहुधा लायनर फाकवणारा व्हील सिलिंडर गळतोय. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांना तडे किंवा फुगवटा दिसतो का तेही बघा.

शेवटी मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, ४० च्या वेगानं ब्रेक लावा आणि स्टेअरिंग हलक्या हातानं धरा. गाडी कुठे ओढतेय, काय थरथरतंय, काय वाजतंय? घरी येऊन प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. लावू नका, भाजेल. तीन चाकं कोमट आणि एक रसरसतंय, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. एरवी अचानक कमी झालेला अॅव्हरेजही त्याचीच चुगली करत असतो.

कान, नाक, पाय

बारीक, उंच स्वरातली किंचाळी ब्रेक लावताना येते. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जीभ असते, ती मसाला संपत आला की डिस्कला घासून ओरडते. मुद्दाम ठेवलेला भोंगाच तो. पण सगळ्या पॅडना तो नसतो, आणि सकाळच्या पहिल्या दोन ब्रेकला येणारा आवाज बहुतेकदा रात्रीच्या दवानं धरलेल्या गंजाचा असतो. दोन-चार ब्रेकनंतर गेला तर सोडून द्या. दिवसभर राहिला तर दाखवा. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली तर मात्र गाडी त्याच दिवशी दाखवा, शक्य तर चालवत नेऊ नका. पॅड संपून पत्रा डिस्कला लागलेला असतो आणि प्रत्येक किलोमीटरला बिल वाढत असतं. एखादा लहान खडाही पत्र्यात अडकून असाच आवाज काढतो, म्हणून लगेच घाबरून जाऊ नका, पण बघून घ्या.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपरला हात लावण्याआधी टायरची हवा मोजा. हे लिहिताना मला हसू येतंय, कारण एकदा मी हवा न बघता थेट गॅरेजात गेलो होतो आणि डाव्या टायरमध्ये खिळा निघाला. हवा बरोबर असेल तर एका बाजूचा कॅलिपर अडकलेला असेल, पॅडला तेल किंवा ग्रीस लागलं असेल, किंवा रबरी नळी आतून सुजून बंद झाली असेल. ही नळीची गोष्ट चकवणारी आहे. बाहेरून ती छान दिसते, आत मात्र ऑइल जाऊ देते आणि परत येऊ देत नाही. कॅलिपर नवा घालूनही चाक तापतच राहिलं तर नळी बदलायला सांगा.

ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरतं, पेडल पायाला टकटक करतं. याला गॅरेजात सर्रास 'डिस्क बेंड झाली' म्हणतात. खरी गोष्ट बहुधा वेगळी असते. डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी फिरताना कमीजास्त भरते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. तेवढा फरक पायाला कळतो. त्यामागे पुष्कळदा डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या हबवरचा गंज असतो किंवा नट वेडेवाकडे आवळलेले असतात. गंज न घासता त्यावरच नवी डिस्क चढवली, तर काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत येते आणि लोक डिस्कच्या कंपनीला शिव्या देतात. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल घरघरत मागे ढकलत असेल तर ते मात्र एबीएसचं, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम आहे. पाय उचलू नका, तसाच दाबून धरा. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, पण त्याची ती घरघर कधीच न अनुभवलेले पुष्कळ लोक ऐन वेळी दचकून पाय काढतात. पावसात मोकळ्या मैदानात एकदा मुद्दाम अनुभवून ठेवावी.

पेडल मऊ, पण दोन-तीन वेळा दाबलं की वर येतं: ऑइलमध्ये एअर धरली आहे, किंवा मागचे लायनर सैल झालेत. पेडल दगडासारखं कडक: बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूम गेला, पाइप निसटला किंवा पडदा फाटला. इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडली तरी हेच होतं. एक-दोन दाबांपुरता साठा असतो, मग पाय ढकलत बसतो आणि स्टेअरिंगही जड होतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल किंवा बंद इंजिनवर उतार उतरणं याचा हिशोब पुण्याच्या कात्रज नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारानं पुन्हा पुन्हा मांडून दाखवला आहे. तिथले अपघात बहुधा अवजड गाड्यांचे असतात, पण नियम आपल्या गाडीलाही तोच.

दिव्यांचं थोडक्यात. लाल दिवा, हँडब्रेक सोडल्यावरही जळतोय: ऑइल कमी आहे, थांबा आणि बघा. पिवळा एबीएसचा एकटाच जळतोय: साधा ब्रेक लागेल, एबीएस लागणार नाही; हळू चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं. बऱ्याचदा चाकाच्या सेन्सरवर चिखल बसलेला किंवा त्याची वायर तुटलेली निघते. दोन्ही एकदम जळाले तर टोइंगवाल्याला फोन करा.

पावसाळा आणि हँडब्रेक

आपल्याकडे हे प्रकरण वेगळं लिहावं लागतं. जुलैमध्ये आठवडाभर हँडब्रेक ओढून गाडी उभी राहिली की लायनर ड्रमला चिकटतात. गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी बसकण मारते. जोर करून ओढू नका. पुढे-मागे हलकेच झुलवा, नाहीच सुटलं तर चाक काढून ड्रमवर लाकडाच्या हातोड्यानं ठोकतात. मी चार दिवसांपेक्षा जास्त गाडी ठेवायची असेल तर हँडब्रेक लावतच नाही. सपाट जागा, पहिला गिअर आणि चाकाला पुढे-मागे दगड. पाण्यातून गाडी काढल्यावर पुढच्या पाच-पन्नास मीटरांत ब्रेक हलकेच दाबून धरत चाला, म्हणजे ओल सुकते. आणि घाट उतरून आल्याबरोबर धुलाई केंद्रात नेऊन तापलेल्या चाकांवर थंड पाण्याचा फवारा मारू नका.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. मोटारच बरंचसं थांबवते, म्हणून पॅड खूप टिकतात, पण डिस्क कमी वापरल्यामुळे गंजतात. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर जरा जोरानं ब्रेक लावा. महाबळेश्वरला शंभर टक्के चार्ज करून लगेच पोलादपूरचा घाट उतरायला लागाल तर बॅटरीत जागाच नसते, आणि मोटारचं ते रोखणं खूप कमी होतं. तेव्हा नव्वदच्या आत ठेवून निघा.

गॅरेज कसं निवडायचं

कंपनीचं सर्व्हिस सेंटर की बाहेरचा मिस्त्री, या वादात मी पडत नाही. दोन्हीकडे चांगली आणि वाईट माणसं भेटली. मी एकच गोष्ट बघतो: तो आधी मोजतो की आधी बदलतो?

चांगला माणूस तुमचं म्हणणं ऐकून घेतो, मग तुम्हाला शेजारी बसवून गाडी चालवून बघतो. चारही चाकं काढतो. पॅडची आतली-बाहेरची जाडी आणि डिस्कची जाडी व्हर्नियर किंवा मायक्रोमीटरनं घेतो, आणि ती डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्याशी ताडतो. डिस्क नवी असताना २२ मिलिमीटर असेल तर किमान आकडा अनेकदा २० च्या आसपास असतो; म्हणजे झिजायला जागा किती थोडी आहे बघा. लेथवर फेस मारून डिस्क गुळगुळीत करता येते, पण तासल्यानंतरही ती किमान आकड्याच्या वर राहणार असेल तरच. 'साहेब, फेस मारून देतो, नवीसारखी होईल' म्हणणाऱ्याला विचारा, किती उरेल?

फोनवर किंवा काउंटरवर हे विचारून बघा: पॅड कोणत्या कंपनीचे घालणार? ऑइल डॉट ३ की डॉट ४, आणि डबा माझ्यासमोर फोडणार का? जुने पार्ट परत देणार का? कामाची आणि पार्टची गॅरंटी बिलावर लिहून देणार का? उत्तर देताना जो चिडतो, त्याच्याकडून मी उठतो. पार्किंग ब्रेक बटणावर चालणारा असेल तर आणखी एक प्रश्न: मागचे पॅड बदलताना स्कॅनर लावून मोटर मागे घेणार ना? स्कॅनर न लावता पिस्टन जबरदस्तीनं ढकलून मोटर मोडल्याची उदाहरणं गॅरेजवाल्यांच्याच गप्पांत ऐकायला मिळतात.

पार्टचं म्हणाल तर गाडीच्या कंपनीच्या खोक्यातलेच हवेत असं नाही. ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश, ब्रेम्बो अशा ब्रेकच्या क्षेत्रातल्या जुन्या कंपन्यांचे पार्ट स्वतःच्या नावानंही बाजारात मिळतात. टाळायचा तो बिननावाचा किंवा ओळखीच्या नावाची नक्कल असलेला माल. खोक्यावर छापील किंमत, बॅच आणि तयार झाल्याची तारीख हवी, छपाई पुसट नको, आणि मालाचं बिल हवं. पॅड फार स्वस्तात देणारा तुमच्यावर उपकार करत नसतो.

पॅड आणि लायनर नेहमी जोडीनं बदलायचे, म्हणजे पुढची दोन्ही चाकं किंवा मागची दोन्ही. एकाच चाकाचे बदलले तर गाडी ओढते. डिस्कही जोडीनंच. उलट, पुढचे पॅड संपले म्हणून मागचे लायनरही बदलायलाच हवेत असा नियम नाही. वजन पुढे झुकतं, म्हणून पुढचे फार लवकर झिजतात. मागच्यांची जाडी दाखवा म्हणा, मग ठरवा.

काम चालू असताना

शक्य असेल तर थांबा. लुडबुड न करता एका बाजूला उभं राहून बघता येतं.

कॅलिपर काढल्यावर तो रबरी नळीला लटकत ठेवलेला दिसला तर सांगा, "दादा, तारेनं बांधून ठेवा." नळी आतून फाटते. कॅलिपरच्या पिना बाहेर काढून पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावायला हवं. बेअरिंगचं लाल-निळं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं. मला विचाराल तर ब्रेकच्या कामात सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच. पॅड बदलले, पिना तशाच राहिल्या, सहा महिन्यांत आतला पॅड पुन्हा संपला. पिस्टन मागे ढकलताना जुनं ऑइल डबीत परत चढतं, आणि कुणी मधल्या काळात वर ओतून ठेवलेलं असेल तर ते बाहेर सांडतं. धूळ हवेच्या पाइपनं उडवत असतील तर तुम्ही दूर व्हा आणि ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्यानं करा म्हणून सांगा. ती धूळ कुणाच्याच छातीला बरी नाही.

ऑइल बदलणं म्हणजे डबीतलं सिरिंजनं ओढून नवं भरणं नव्हे. चारही चाकांच्या निपलमधून, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या छोट्या तोटीतून, जुनं निघून नवं स्वच्छ येईपर्यंत काढायचं. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची हे गाडीगणिक बदलतं, पुस्तिकेत असतं. दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक निपलवर, आणि डबी रिकामी पडू द्यायची नाही, नाहीतर एअर धरते आणि पहिल्यापासून सुरुवात. उघडून महिनोन्‌महिने ठेवलेला डबा नको. आणि चुकूनही कुणी इंजिन ऑइल किंवा दुसरं कसलं खनिज तेल त्यात ओतलं तर गाडी सुरू करू नका. त्या तेलानं आतले रबर फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून सगळंच बदलावं लागतं.

नट आवळताना आधी हातानं, मग समोरासमोरचे अशा क्रमानं, शेवटी ठरावीक जोरानंच आवळणाऱ्या टॉर्क रेंचनं. हवेच्या गननं करकचून आवळले तर पुढे पंक्चर झाल्यावर रस्त्यात तुमच्याच्यानं ते सुटणार नाहीत, आणि थरथरही येऊ शकते.

गाडी हातात आल्यावर

किल्ली घेतली की गाडी हलवण्याआधी पेडल चार-सहा वेळा दाबा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिला दाब पोकळ जातो. गॅरेजच्या दारातच समोरच्या भिंतीला धडकल्याचे किस्से याच कारणानं होतात. मग दोन किलोमीटर सावकाश.

नवे पॅड लगेच पूर्ण पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबानं वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. आठ-दहा वेळा, मध्ये थोडं थंड होऊ देत. त्यानंतर शक्यतो ब्रेक दाबून धरून उभं न राहता दहा मिनिटं चालवा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट आणि जोराचे ब्रेक टाळलेले बरे. याच काळात थोडा वास येतो, हलका आवाज येतो, तेवढ्यानं परत धावत जाऊ नका. ओढणं, मऊ पेडल किंवा गळती असेल तर त्याच दिवशी जा.

बिलावर पार्टचं नाव, नंबर, मजुरी वेगळी आणि किलोमीटरचा आकडा असू द्या. काम वाईट झालं आणि गॅरेज हात वर करतंय, तर आधी लेखी तक्रार द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे बिल आणि जुने पार्ट दोन्ही उपयोगी पडतात, म्हणून पार्ट मागून घ्यायचे.

एवढं करूनही कधी उतारावर पेडल गेलंच, तर इंजिन बंद करू नका. पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली घ्या, ऑटोमॅटिक असेल तर लो किंवा मॅन्युअल. हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, झटक्यानं ओढला तर गाडी फिरते. हॉर्न, पार्किंग लाइट. चढण, खडीचा ढीग, काहीच नाही तर डोंगराच्या बाजूची माती. दरीच्या बाजूला नाही.

आता घाटाच्या माथ्यावर मी चढताना लागतो तोच गिअर उतरताना टाकतो. ब्रेक सतत हलका घासत ठेवण्याऐवजी थोडा वेळ नीट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधे वारा लागतो. मागचा भोंगा वाजवत असेल तर त्याला जाऊ देतो. आणि ऑइलच्या डबीच्या झाकणाशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करनं बदलल्याची तारीख लिहिली आहे. ती बघून मिस्त्री हसले होते. गेल्या वेळी गेलो तर त्यांच्या गॅरेजात उभ्या असलेल्या आणखी दोन गाड्यांच्या बॉनेटखाली तशीच पट्टी होती.